मुलाचा ताबा आणि मानसशास्त्रीय चाचण्या: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या ताब्याच्या दाव्यांत मुलांचं मूल्यमापन करते. तारखेच्या आदल्या रात्री फोन येतात: कधी आईचा, कधी बापाचा, कधी मामाचा, आणि अलीकडे वकिलांचेही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले. कायद्याचा सल्ला तुमच्या वकिलांकडूनच घ्या. चाचणीबद्दल मात्र तुम्हाला स्वतःलाच कळायला हवं, कारण तिच्या आकड्यावरून तुमचं लेकरू कुठे राहील हे ठरू शकतं.

१. कोर्टाने मुलाची 'टेस्ट' करायला सांगितली आहे. म्हणजे नक्की काय करतात?

'टेस्ट' या एका शब्दात लोक सगळं कोंबतात, पण चाचणी हा मूल्यमापनाचा एक तुकडा आहे. आई आणि वडील दोघांशी वेगवेगळं बोलणं, मुलाशी दोन-तीनदा भेटणं, मूल प्रत्येक पालकासोबत कसं असतं ते पाहणं, शाळेतल्या बाईंशी आणि गरज पडल्यास मुलाच्या डॉक्टरांशी बोलणं, हे सगळं त्यात येतं. प्रश्नावली किंवा प्रमाणित चाचणी त्यानंतर, आणि तीही एखाद्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालय तज्ज्ञांची मदत घेऊ शकतं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे असे दावे जिल्हा न्यायालयात चालतात.

या चाचणीत पास-नापास काही नसतं. आदल्या दिवशी मुलाची तयारी करून घेऊ नका. "तिथे एक ताई आहेत, त्या तुझ्याशी गप्पा मारतील, खेळतील," एवढं सांगितलं तरी पुरे.

२. आई चांगली की वडील चांगले, हे सांगणारी टेस्ट कोणती?

अशी चाचणी जगात कुठेही नाही. हे मी जितक्या ठामपणे सांगू शकते तितक्या ठामपणे सांगते आहे.

अमेरिकेत खास ताब्याच्या दाव्यांसाठी साधनं बनवली गेली. १९८० च्या दशकात ब्रिकलिन यांच्या चाचण्या आल्या आणि १९९२ मध्ये अ‍ॅकरमन-शोएनडॉर्फ यांचं मोजमाप आलं. त्यातून कोणत्या पालकाकडे कल द्यावा याचे थेट गुण निघत. नंतर रँडी ओटो, रॉबर्ट एमरी आणि इतर अभ्यासकांनी त्यामागचा पुरावा तपासला, तेव्हा तो फार तोकडा निघाला. २००५ मध्ये एमरी, ओटो आणि ओडोनोह्यू यांनी तर असं लिहिलं की ताब्याच्या निर्णयात या साधनांना शास्त्रीय आधार नाही.

चांगल्या चाचण्या आहेत, पण त्या दुसरंच काही मोजतात. १९९७ ची गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली मुलाच्या वागण्यातल्या अडचणी आणि बलस्थानं दाखवते. वाइनलँड मोजपट्टी मूल रोजची कामं किती स्वतःहून करतं ते सांगते, आणि बुद्धिचाचणी शिकण्याची क्षमता सांगते. "मुलाला सध्या चिंता जास्त आहे" इथपर्यंत चाचणी तुम्हाला नेते. "म्हणून मूल वडिलांकडे द्या" ही उडी चाचणीची नसते, ती माणसाने मारलेली असते. ती कशाच्या जोरावर मारली, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

३. वकील म्हणतात टेस्ट 'व्हॅलिड' पाहिजे. व्हॅलिड म्हणजे काय?

कापूस विकायला नेला की दोन गोष्टी बघतात, वजन आणि ओलावा. काटा दहा वेळा तेच वजन दाखवत असेल तर तो भरवशाचा. पुस्तकात याला विश्वसनीयता म्हणतात. पण त्याच काट्याकडे बघून कोणी "यात ओलावा बारा टक्के आहे" म्हणालं, तर तुम्ही त्याला तिथेच थांबवाल, कारण काटा ओलावा मोजतच नाही. आकडा कितीही नेमका असला तरी त्या प्रश्नाला तो गैरलागू आहे. चाचणी ज्या कामासाठी वापरताय त्या कामाला ती लागू पडते का, याला यथार्थता म्हणतात. काही पुस्तकांत सप्रमाणता किंवा वैधता असाही शब्द आहे.

आणखी एक. काटा रोज दोन किलो कमी दाखवत असेल, तर तोही दर वेळी तेच दाखवतो. विश्वसनीय आहे, पण चुकीचा आहे. म्हणून "ही चाचणी खूप विश्वसनीय आहे" हे वाक्य अहवालात वाचलं की थांबू नका, पुढचा प्रश्न विचारा.

"ही चाचणी व्हॅलिड आहे" असं मोघम वाक्य मला खटकतं. अमेरिकेतल्या तीन मोठ्या व्यावसायिक संस्थांनी २०१४ मध्ये काढलेल्या मानकांतही हेच स्पष्ट केलं आहे: यथार्थता चाचणीला चिकटलेली नसते, ती त्या गुणांचा अमुक उपयोगासाठी जो अर्थ लावला त्याची असते. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला एखादी प्रश्नावली उत्तम असेल, आणि तीच ताब्याच्या दाव्यात कुचकामी ठरेल.

४. मग एखादी चाचणी योग्य आहे हे तपासतात तरी कसं?

आधी तिच्यातले प्रश्न विषयाला धरून आहेत का ते जाणकार बघतात. मग थोड्या मुलांवर ती करून बघतात, कुठला प्रश्न मुलांना कळत नाही ते शोधतात. त्याच मुलांना काही दिवसांनी पुन्हा देऊन गुण किती हलतात ते मोजतात. दोन परीक्षकांना स्वतंत्रपणे गुण द्यायला लावतात आणि त्यांच्यात किती जुळतं ते बघतात. निव्वळ योगायोगाने जुळलेलं वजा करून हे मोजायला कोहेन यांचा कॅप्पा हा आकडा १९६० पासून वापरात आहे. मग मोठ्या गटावर चाचणी करून मानकं बसवतात, म्हणजे या वयाच्या मुलांना साधारण किती गुण मिळतात याचा तक्ता तयार करतात.

इथवरचं काम कष्टाचं असलं तरी जमण्यासारखं आहे. खरी अडचण पुढे येते. चाचणीने जे सांगितलं ते खरं ठरलं का, हे बघायला बाहेरचं एक मोजमाप लागतं. तापमापीचं बरोबर आहे का ते दुसऱ्या तापमापीने कळतं. ताब्यात "बरोबर" काय, हे कशाने ठरवायचं? न्यायाधीशांच्या निकालाशी चाचणीचं उत्तर जुळलं की चाचणी खरी, असं काही जण धरतात. पण न्यायाधीशांनी त्याच चाचणीचा अहवाल वाचून निकाल दिला असेल, तर ते जुळणारच, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

खरं बघायचं तर पाच-सात वर्षांनी मूल कसं आहे ते बघावं लागेल. तरीही आईकडे राहिलेलं तेच मूल वडिलांकडे राहिलं असतं तर कसं झालं असतं, हे कुणालाच कळणार नाही. औषधाच्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, तसं लेकरांना चिठ्ठी टाकून वाटता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून या क्षेत्रात पुरावा नेहमीच अपुरा राहतो. जो तज्ज्ञ हे मान्य करून लिहितो त्याच्या अहवालावर माझा जास्त विश्वास बसतो.

५. टेस्ट इंग्रजीतली होती, मराठीत भाषांतर करून घेतली. चालेल का?

नुसतं भाषांतर पुरत नाही. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भाषांतर एकाहून जास्त जणांनी करावं, ते मूळ भाषेशी ताडून बघावं, आणि मग नव्या भाषेतल्या मुलांवर चाचणी नव्याने पडताळावी. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

एक शब्द घ्या. "पप्पा रागावतात का?" मूल म्हणतं, "हो." आपल्या मराठीत रागावणं म्हणजे राग येणं, आणि रागावणं म्हणजे दटावणंही. गृहपाठ केला नाही म्हणून पप्पा बोलले तरी "पप्पा रागावले", आणि ताट भिरकावलं तरी "पप्पा रागावले". मूळ प्रश्नात हिंसक संताप विचारला असेल आणि मराठीत "रागावतात" आलं असेल, तर अर्ध्या तालुक्यातले बाप धोकादायक ठरतील. भाषांतर शब्दाला शब्द बिनचूक असूनही मोजमाप बिघडतं ते असं.

दुसरी बाब घराची. "मूल स्वतःच्या खोलीत एकटं झोपतं का?" उन्हाळ्यात आपल्याकडे सगळं घर गच्चीवर नाहीतर अंगणात खाटा टाकून झोपतं. सहा वर्षांचं मूल आजीच्या कुशीत झोपतं यात परावलंबन काही नाही, आणि तिथे गुण कापला जात असेल तर तो मुलाचा दोष नव्हे.

६. आमचं मूल घरात अहिराणी (किंवा पावरी, भिल्ली, तावडी) बोलतं. त्याला मराठीतली टेस्ट दिली. निकाल धरायचा का?

जपून. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात कमी गांभीर्याने घेतला जातो.

साक्री तालुक्यातली सात वर्षांची एक मुलगी आधी दुसरीकडे तपासून आली होती. कागदावर एकाखाली एक अकरा रकान्यांत "प्रतिसाद नाही" लिहिलेलं, आणि खाली निष्कर्ष: भावनिकदृष्ट्या मिटलेली, शक्यतो आघात. मी तिला प्रमाण मराठीत दोन प्रश्न विचारले, ती फ्रॉकची किनार चावत बसली. मग विचारलं, "तुनासंगे कोन खेळस?" तिने वर बघितलं. पुढची वीस मिनिटं ती शेळीच्या दोन करडांबद्दल, आत्याबद्दल आणि आईच्या गावच्या नदीबद्दल बोलत होती. घरातल्या भांडणाचा ताण तिच्यावर होताच, तो तिने सांगितलाही. पण मिटलेली ती नव्हती. तिला विचारणाऱ्याची भाषा तिची नव्हती, एवढंच.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दहातली जवळपास सात माणसं अनुसूचित जमातींची आहेत. धडगाव, अक्कलकुव्याकडची कित्येक मुलं शाळेत, आश्रमशाळेत गेल्यावरच मराठीशी भिडतात. त्यांच्यासाठी बसवलेली मानकं बहुतेक चाचण्यांत नाहीत. मग करायचं काय? मुलाच्या बोलीतला दुभाषा घ्यावा, पण तो दोन्ही बाजूंपैकी कुणाचा नातेवाईक नसावा, आणि त्याला आधी समजावून सांगावं की मुलाचे शब्द सुधारायचे नाहीत, जसेच्या तसे सांगायचे. चाचणी अशा बदलासह दिली तर तसं अहवालात लिहावं. गुण न देता मुलाने काय केलं आणि काय म्हटलं याचं वर्णन द्यावं, तेच जास्त खरं असतं.

"मग शब्द नसलेली, आकृत्यांची टेस्ट द्या," असं काही वकील सुचवतात. आकृत्यांच्या कोड्यांवरही शाळेचा आणि सरावाचा परिणाम होतो. अडचण कमी होते, संपत नाही.

७. माझ्या मुलाने काढलेल्या चित्रावरून 'वडिलांपासून दुरावा' असं लिहिलंय. खरं असतं का?

चित्रावरून असा निष्कर्ष काढायला भक्कम पुरावा नाही. घर-झाड-माणूस किंवा १९७० मध्ये आलेलं 'कुटुंब काहीतरी करताना' यांसारखी चित्रं बोलायला सुरुवात करून द्यायला छान असतात. मी स्वतः वापरते. पण आकार छोटा म्हणजे महत्त्व कमी, हात नाहीत म्हणजे असहायता, असे ठोकताळे तपासणीत टिकलेले नाहीत.

एका अहवालात वाचलं होतं: वडील कोपऱ्यात, लहान, म्हणून भावनिक अंतर. त्या मुलाला मी तेच चित्र दाखवून विचारलं, पप्पा इथे का? तो म्हणाला, "पप्पा सुरतला आहेत ना. सुरत लांब आहे." चित्राखाली मुलाने स्वतः काय सांगितलं ते लिहिलं आहे का, हे आधी बघा.

८. रिपोर्टमध्ये मुलाचा आयक्यू ७८ आला. याचा ताब्यावर परिणाम होईल का?

आयक्यूवरून ताबा ठरत नाही. मुलाला शाळेत जादा मदत लागेल का आणि ती कोणत्या घरी मिळेल, एवढ्यापुरताच तो उपयोगी. पण आकडा आला की लोक त्याला चिकटतात, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट त्रुटीच्या पट्ट्याची, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो त्याची. विश्वसनीयता ०.९० आणि प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५ धरलं, तर मोजमापाची मानक त्रुटी साधारण ४.७ येते. दोन्ही बाजूंना तिच्या जवळपास दुप्पट धरतात, म्हणजे ७८ चा खरा अर्थ 'साधारण ६९ ते ८७ च्या दरम्यान कुठेतरी'. अहवालात हा पट्टा न देता नुसताच ७८ लिहिला असेल, तर तो अपुरा आहे.

दुसरी गोष्ट मानकांच्या वयाची. आपल्याकडे अजून वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांवर बसवली, ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. मराठी मुलांचा विचार इतक्या आधी झाला याचं मला फार अप्रूप आहे. पण त्या मुलांची आता पणजोबा व्हायची वेळ आली. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेलं वेक्सलर चाचणीचं रूपांतर १९६९ चं. जुन्या मानकांवर आजची मुलं सरासरीने जास्त गुण मिळवतात, त्याला फ्लिन परिणाम म्हणतात. कोणती चाचणी, कोणत्या सालची मानकं, हे अहवालात असायलाच हवं.

९. प्रश्नावलीत आमचं घर 'जास्त धोका' या गटात आलं. म्हणजे आम्ही मुलाला त्रास देतो असं सिद्ध झालं का?

नाही. समजावण्यापुरते आकडे घेऊ. समजा १००० मुलांपैकी ५० मुलांच्या घरी खरंच धोका आहे. प्रश्नावली चांगली आहे, धोक्यातल्या १०० पैकी ९० ओळखते आणि सुखरूप १०० पैकी ९० ना सुखरूपच म्हणते. मग ५० पैकी ४५ सापडली. उरलेल्या ९५० सुखरूप घरांपैकी ९५ वर मात्र चुकून शिक्का बसला. एकूण १४० शिक्के, त्यात खरे ४५. तीनातला एकसुद्धा धड खरा नाही, आणि तरीही प्रश्नावली 'नव्वद टक्के अचूक'.

आता तीच प्रश्नावली अशा गटाला द्या जिथे १००० पैकी ३०० घरांत धोका आहे. तिथे ३४० शिक्क्यांपैकी २७० खरे निघतील. साधन तेच, पण शिक्क्याचा अर्थ बदलला. म्हणून प्रश्नावली कोणत्या लोकांवर तपासली होती हे विचारायचं. अशी साधनं पुढे नीट चौकशी करायला असतात. 'जास्त धोका' आला तर घरी जाऊन बघावं, शेजारी आणि शाळेत विचारावं. फक्त शिक्क्यावर निकाल नको. 'कमी धोका' आला म्हणून डोळे मिटायचेही नाहीत: वरच्या हिशेबात ५० पैकी ५ लेकरं निसटलीच होती.

१०. मुलाला समोरच्यांनी पढवून पाठवलं आहे. टेस्टमध्ये ते पकडलं जाईल का?

पढवलेलं मूल खात्रीने ओळखणारी चाचणी नाही. १९९४ मध्ये स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात लहान मुलांना आठवड्यामागून आठवडे विचारलं गेलं, "तुझं बोट उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं का?" तसं काही घडलंच नव्हतं. पण बरीच मुलं हळूहळू तपशिलासकट ती गोष्ट सांगू लागली, आणि ती चित्रफीत बघून जाणकारांनाही खरं-खोटं वेगळं करता आलं नाही. ती मुलं खोटारडी नव्हती. पुन्हा पुन्हा विचारण्याने आठवणच तयार झाली होती. म्हणून विनवणी करते: भेटीहून परत आलेल्या मुलाला रोज खोदून विचारू नका आणि त्याचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करू नका.

'पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम' (एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध फिरवलं की होणारा म्हणे आजार) हा शब्द रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये आणला. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात असं निदान नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मधल्या एका निकालात बजावलं की दुरावा निर्माण करणारं नेमकं वागणं न दाखवता कुठल्याही पालकावर घाईने असा शिक्का मारू नये. मुलं पालकाला नाही म्हणतात त्याला पढवणं हे एक कारण असू शकतं, मार हे दुसरं, आणि भेटच दोन वर्षं झाली नाही हे तिसरं. कोणतं कारण आहे ते शोधावं लागतं.

११. 'अटॅचमेंट टेस्ट' करून मूल कोणाशी जास्त जोडलेलं आहे ते कळतं ना?

मेरी एन्सवर्थ यांची प्रसिद्ध पद्धत (अनोळखी खोलीत आई थोडा वेळ जाऊन परतते तेव्हा बाळ कसं वागतं ते पाहण्याची) साधारण एक ते दीड वर्षाच्या बाळांवर संशोधनासाठी आहे. एका मुलाचा निकाल लावायला ती केलेली नाही. २०२१ मध्ये या विषयातल्या सत्तर अभ्यासकांनी मिळून लिहिलं की न्यायालयात जिव्हाळ्याच्या या शास्त्राचा चुकीचा वापर होतो, आणि मूल एकाच वेळी एकाहून जास्त माणसांशी सुरक्षितपणे जोडलेलं असू शकतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१२. मूल किती वर्षांचं झालं की त्याचंच म्हणणं ऐकतात?

कायद्यात आकडा नाही. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये एवढंच आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, पण कलम १३ नुसार मुलाचं हित त्याहून वर. समज आली का हे ठरवायला चाचणीपेक्षा संभाषण बरं. मूल कारण काय देतं, ते कारण त्याच्या रोजच्या जगण्यातलं आहे का, हे मी ऐकते. "तिकडे शाळा जवळ आहे, आणि मोनूदादा आहे" हे लेकराचं वाक्य. "माझ्या सर्वांगीण विकासासाठी" हे नव्हे.

१३. चाचणी कोणी करावी? शाळेच्या समुपदेशकाने किंवा ऑनलाइन केलेली चालते का?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. नोंदणी क्रमांक अहवालावर असायला हवा. शाळेच्या समुपदेशकांचं निरीक्षण मोलाचं असतं, पण निरीक्षण म्हणूनच. फोनवर दहा प्रश्नांत 'मुलाची मानसिक स्थिती' सांगणारी संकेतस्थळं ताब्याच्या दाव्यात बाजूलाच ठेवा.

१४. समोरच्या बाजूने खासगीत रिपोर्ट करून आणला, मला कोणी भेटलंच नाही. असा रिपोर्ट चालतो?

१९८४ च्या कायद्याच्या कलम १४ मुळे कौटुंबिक न्यायालय उपयोगी वाटेल तो अहवाल बघू शकतं, त्यामुळे तो दाखल होऊ शकतो. पण वजन किती द्यायचं हा वेगळा प्रश्न. फक्त एका पालकाला भेटलेल्या तज्ज्ञाने मुलाची अवस्था सांगावी. मूल कोणाकडे असावं हे सांगू नये. ज्या माणसाला आपण पाहिलंच नाही त्याच्याबद्दल मत देणं आमच्या व्यवसायाला शोभत नाही. मुलावर उपचार करणाऱ्यानेही ताब्याचं मत देऊ नये, कारण उपचार करताना एका पालकाचं म्हणणं त्याने विश्वासाने ऐकलेलं असतं.

१५. रिपोर्ट चुकीचा वाटतो. तारखेला काय विचारायचं?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञाचं मत हे मतच आहे, आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतात. तुमच्या वकिलांमार्फत विचारा: ही चाचणी मुळात कशासाठी बनवली? कोणत्या मुलांवर, कुठल्या भाषेत, कोणत्या साली पडताळली? माझ्या मुलाला ती कोणत्या भाषेत दिली, किती वेळ, आणि तेव्हा बाहेर कोण बसलं होतं? गुणांना त्रुटीचा पट्टा किती? चाचणीच्या निकालाशी न जुळणारी कोणती माहिती समोर आली आणि तिचं काय केलं? शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. प्रामाणिक मूल्यमापनात न जुळणारं काहीतरी असतंच.

चाचणीच्या प्रश्नांची प्रत मात्र मागून फिरवू नका. ते फुटले की पुढच्या मुलांसाठी चाचणी निकामी होते. हवी तर दुसऱ्या नोंदणीकृत तज्ज्ञाला कच्चे गुण दाखवायची परवानगी न्यायालयाकडे मागा.

१६. मी चाचणीला नाही म्हटलं तर?

२००३ च्या शारदा विरुद्ध धर्मपाल निकालानुसार वैवाहिक दाव्यात न्यायालय तपासणीचा आदेश देऊ शकतं आणि नकार दिल्यास त्यातून विरुद्ध अनुमान काढू शकतं. सरळ नकारापेक्षा हरकत लेखी मांडा: भाषा, तज्ज्ञ, चाचणीची निवड (प्रश्न ५, ६ आणि १३).

१७. आईबाप सुरतला किंवा ऊसतोडीला, मूल आजीकडे. फॉर्मवर आजीला रकानाच नाही. मग?

रकाना नसेल तर समासात लिहायला लावा. ऊसतोडीला गेलेले आईबाप दिवाळीच्या सुमारास निघतात ते उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. त्या काळात मुलाला ताप आला तर उशाशी आजी असते. अशा मुलाला सहा महिन्यांनी परतलेल्या आईसोबत अर्धा तास बसवलं आणि 'आई-मूल संवाद: कमी' असं लिहिलं, तर ते निरीक्षण खरं असून अर्थ खोटा होतो. मी अशा वेळी तीन वेगवेगळ्या दिवशी बघते, आणि पहिली भेट मोजत नाही.

१८९० च्या कायद्याखाली नातेवाइकालाही पालकत्वासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे आजीचाही विचार होऊ शकतो. आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक: १९५६ चा वर सांगितलेला कायदा अधिसूचना नसेल तर अनुसूचित जमातींना लागू नाही. १८९० चा मात्र सगळ्यांना आहे.

१८. चाचणी चालू असताना मुलाने मारहाण किंवा वाईट स्पर्श सांगितला तर?

तिथे ताब्याचं मूल्यमापन थांबतं. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आली की पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तज्ज्ञालाही आणि तुम्हालाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, पुन्हा विचारू नका (कारण प्रश्न १० मध्ये आहे). मदतीसाठी १०९८ हा मुलांचा फोन क्रमांक आहे. अत्याचार झाला की नाही हे कुठल्याही व्यक्तिमत्त्व-चाचणीने सिद्ध होत नाही, आणि खोटंही ठरत नाही.

१९. मूल बोलत नाही (कर्णबधिर, स्वमग्न). त्याची चाचणी कशी करणार?

तोंडी चाचणी दिली तर गुण ऐकण्याचे येतील, समजेचे नाही. सांकेतिक भाषा जाणणारा माणूस, विशेष शाळेतले शिक्षक आणि दोन्ही घरांतली प्रत्यक्ष भेट यांवर भर द्यावा. मूल अस्वस्थ झालं की त्या घरी काय करतात, औषध कोण देतं, थेरपीला कोण घेऊन जातं, हे बघितलं की बरंच कळतं.

२०. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहे. आता तोच धरतील का?

मुलांच्या बाबतीत दोन वर्षं फार मोठी असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब खटल्यातच म्हटलं आहे की ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात. चाचणीचं तर त्याहून खरं. शाळा बदलली, पालकाचं दुसरं लग्न झालं, मूल वयात आलं, यांतलं काही घडलं असेल तर नव्याने बघायची विनंती करा. पण दर सहा महिन्यांनी नको. तीच चाचणी लगेच पुन्हा दिली तर सरावानेही गुण वाढतात. एक दहा वर्षांचा मुलगा माझ्यापुढे बसला आणि मी पेटी उघडायच्या आत म्हणाला, "ठोकळ्यांचं मला येतं, ते चौथ्यांदा आहे." त्या दिवशी मी पेटी मिटली आणि आम्ही बाहेर चक्कर मारली. अहवालात तसंच लिहिलं.